स्विफ्टसाठी स्पीकर आणि सबवूफर, बजेट ३५ हजार: काय घ्यावं, काय टाळावं?

मधला_गिअर
नमस्कार मंडळी. गाडी २०१९ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल. कंपनीचा स्टिरिओ आहे, चार दारांत चार स्पीकर, ट्विटर नाहीत. चिंचवड ते बार्शी नेहमीचं जाणं-येणं, बहुतेक वेळा एकटाच, त्यामुळे गाण्यांशिवाय रस्ता सरत नाही. आवाज हळू असला की ठीक वाटतं पण भिगवणच्या पुढे ८०-९०चा स्पीड आला की खालचा आवाज कुठे गायबच होतो, मग व्हॉल्यूम वाढवला की दार थरथरतं आणि गाण्यातले शब्द चिरकायला लागतात.

दोन-तीन दुकानं पालथी घातली. एकाने १२०० वॅटची बेस ट्यूब (नळकांड्यातला सबवूफर) आणि मागच्या ट्रेवर ६ बाय ९ इंचाचे ओव्हल स्पीकर सांगितले, दुसरा म्हणाला साहेब आधी अँड्रॉइड स्क्रीन बसवा मग पुढचं बोलू, तिसऱ्याने माझं काही ऐकून न घेताच कॅल्क्युलेटर काढला.

ऐकतो काय तर भावगीतं, नाट्यसंगीत, जुनी हिंदी, अधूनमधून ढोलकी-हलगी. डीजेवालं काही नाही. स्टिरिओ बदलायचा नाही. डिकी पूर्ण जाता कामा नये, बार्शीहून येताना ज्वारी असते. बजेट फिटिंगसकट ३५. कोॲक्सिअल की कॉम्पोनंट? सब सीटखालचा की डिकीतला? आणि ॲम्प (आवाजाला ताकद देणारा वेगळा ॲम्प्लिफायर) खरंच लागतो का?

पेठेतला_पाहुणा
दुकानदाराने कॅल्क्युलेटर आधी काढला म्हणजे तो प्रामाणिक आहे, बाकीचे दोघं नंतर काढणार होते.

सरळ सांगतो. सगळा पैसा पुढच्या दोन दारांत घाला. गाडी तुम्ही चालवता, मागच्या सीटवर ज्वारी बसते, तिला काय फरक पडतो. मागचे स्पीकर आहेत तसे राहू द्या आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग) थोडा पुढे घ्या. गाणारा समोर बसून गातोय असं वाटायला हवं ना, मग पाठीमागून आवाज कशाला पाहिजे. ६ बाय ९ ओव्हलची टूम ही आपल्याकडे जुन्या सेदान गाड्यांपासून आलेली आहे, तेव्हा मागच्या काचेखाली पक्का पत्र्याचा शेल्फ असायचा. हॅचबॅकच्या ट्रेवर ते ठोकले तर ट्रे वाजतो, ऊन खातो, आणि जोराचा ब्रेक लागला तर ते मॅग्नेट घेऊन डोक्याकडे येतात.

कोॲक्सिअल म्हणजे ट्विटर वूफरच्याच मध्यावर बसवलेला, कॉम्पोनंट म्हणजे ट्विटर वेगळा, वूफर वेगळा आणि मध्ये क्रॉसओव्हरची डबी, ती बारीक आवाज ट्विटरला आणि जाड वूफरला वाटून देते. स्विफ्टच्या दारातला स्पीकर खाली पोटरीपाशी आहे. कोॲक्सिअल घेतले तर बारीक आवाज पायात जातो, बाई गुडघ्यातून गातेय असं वाटतं. ट्विटर आरशाच्या आतल्या तिकोनी प्लास्टिकवर नेला की तीच बाई डॅशबोर्डवर येते. भावगीतवाल्याला कॉम्पोनंटच.

नाद_एमएच१०
भावा ३५ हजारात १२ इंची दोन घाल, बाकी सगळं सोड. आमच्याकडं गळीत हंगामात ट्रॅक्टर बघ एकदा, दोन ट्रॉल्या ऊस मागं आणि टेप असा वाजतोय की कारखान्याच्या गेटवर कळतंय कुणाचा आला. नाद खुळा 😄

पेठेतला_पाहुणा
त्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या माणसाला विचारा एकदा. हॉर्न वाजवून वाजवून त्याची बॅटरी उतरते, तुमच्या ड्रायव्हरला पत्ता नाही.

नाद_एमएच१०
ते बराबर हाय, त्यावरनं अपघात बी झाल्यात. मी आता टेप लावायची कामं घेतली तर आरशाचं आणि मागच्या रिफ्लेक्टरचं आधी विचारतो. पण साहेब वायरिंगचं काय लागलं तर विचारा, ते काम हातचं हाय.

ओहम_शांती
वॅटच्या आकड्यांचा घोळ आधी मिटवू म्हणजे निम्मी दुकानदारी तिथेच संपेल.

स्टिरिओवर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं. ते येतं कुठून? गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरा, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर येतं ५१.८. म्हणजे पूर्ण व्होल्टेज सतत स्पीकरवर आपटलं तर ५० वॅट, आणि तसं होतं तेव्हा तिथे गाणं नसतं, नुसता फाटलेला चौकोनी सिग्नल असतो. स्वच्छ साइन वेव्हला याच्या निम्मं, म्हणजे कागदावर २६, आणि आयसीमधला तोटा वजा करून प्रत्यक्षात १८ ते २०च्या आसपास. स्टिरिओच्या आत व्होल्टेज वाढवणारी सर्किट नसते त्यामुळे त्याच्या पलीकडे तो जाऊच शकत नाही. बाहेरचा ॲम्प आधी १२चे जास्त व्होल्ट करतो, म्हणून त्याला ताकद आहे.

आता स्पीकरच्या खोक्यावर पीक किंवा मॅक्स लिहिलेलं बघूच नका, आरएमएस बघा, म्हणजे सतत झेपणारे वॅट. १२०० वॅटच्या बेस ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात आरएमएस शोधा, सापडला तर बऱ्याचदा २००-२५० निघतो, आणि सापडलाच नाही तर उत्तर मिळालं.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटात स्पीकर किती मोठा वाजतो, डेसिबलमध्ये. ८८ आणि ९१ यात फरक तीनचाच दिसतो पण तेवढाच आवाज काढायला ८८वाल्याला दुप्पट वॅट लागतात. ॲम्प लावणार नसाल तर हा आकडा वॅटपेक्षा महत्त्वाचा. भारी युरोपियन सेट घेऊन तो कंपनीच्या स्टिरिओवर जोडणारे लोक नंतर म्हणतात पहिलेच बरे होते, कारण त्या स्पीकरला उठवायलाच ५०-६० वॅट लागतात.

मधला_गिअर
बापरे, म्हणजे ॲम्प लागणारच. आणि स्पीडला खालचा आवाज गायब का होतो ते कुणी सांगाल का? काच तर बंदच असते.

ओहम_शांती
टायरचा आणि वाऱ्याचा आवाज बहुतांश खालच्याच फ्रीक्वेन्सीत असतो, तो नेमका डग्गा-बेसवर बसतो आणि झाकून टाकतो. वरचा आवाज, सतार, बासरी, स-श ची अक्षरं, यांना रस्त्याचा आवाज एवढा अडवत नाही. त्यात माणसाचा कान मुळातच खालच्या आवाजाला मंद. म्हणून घरी जे स्पीकर पुरेसे वाटतात ते गाडीत पोकळ वाटतात. सब म्हणजे दणदणाट असं डोक्यात बसलंय आपल्या, पण गाडीतला सब हा रस्त्याने खाल्लेला भाग भरून काढायला असतो. नीट लावलेला सब वाजतोय हे कळत नाही, बंद केल्यावर कळतं.

रेवदंडा_रिटर्न
स्पीकरच्या आधी दार बघा रे. मी अलिबागला असतो, दर पावसाळ्यात लोकांची दारं उघडून बघायला मिळतात मित्राच्या गॅरेजमध्ये.

दार म्हणजे स्पीकरचा डबाच आहे, आणि आपल्या छोट्या गाड्यांचा पत्रा पातळ, आत मोठमोठी भोकं, त्यावर फक्त पॉलिथिन चिकटवलेलं. स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकातून बाहेर येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो, बेस तिथेच संपतो. यावर डॅम्पिंग शीट लावतात, एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला ब्यूटाइल रबर, साधारण २ मिलिमीटरची. बाहेरच्या पत्र्याला आतून स्पीकरच्या मागे लावायची, रोलरने दाबायची, आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. डांबराच्या स्वस्त शीट घेऊ नका, उन्हात वितळतात आणि वास महिनोन्‌महिने जात नाही.

महत्त्वाचं: दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती बुजवू नका. काचेच्या रबरातून पाणी आत येणारच, ते खालून गेलं नाही तर दार आतून सडतं आणि पॉवर विंडोची मोटर जाते. आणि फिटरने काढलेलं पॉलिथिन परत लावलंय का ते स्वतः बघा. बरेच जण गोळा करून फेकून देतात, मग पहिल्या पावसात पायाशी तळं.

स्पेसर पण विचारून घ्या. मारुतीच्या ओरिजिनल स्पीकरची प्लास्टिकची फ्रेमच उंच असते, बाहेरचा स्पीकर तिथे थेट बसत नाही, मध्ये रिंग लागते. एमडीएफची रिंग देतात, ती पावसाळ्यात फुगते पावासारखी. एबीएस प्लास्टिकची घ्या. स्पीकरचा कोनसुद्धा (पुढे-मागे हलणारा पडदा) कागदी नको, पॉलिप्रॉपिलीन बरा.

वऱ्हाडी_वूफर
राजेहो, पावसाचं सांगितलं, आता उन्हाचं आइका. आमच्याकडे अमरावतीले मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली का डॅशबोर्डवर हात ठेवता येत नाही. डबल टेपनं चिकटवलेले ट्विटर लोंबकळतात. ट्विटर स्क्रूनं नाहीतर पक्क्या कपात बसवा. आणि सीटखालचा सब घेणार असाल तर त्याचा ॲम्प आतच असते, गालिच्याखाली दाबून ठेवला तं गरम होऊन बंद पडते, थंड झाला का चालू, माणूस म्हणते लूज कनेक्शन आहे.

बाकी सबचं माझं मत पोर्टेड, म्हंजे हवेसाठी पाइप ठेवलेला डबा. त्याच वॅटात जास्त आवाज, कायले सील्डच्या, म्हंजे पूर्ण बंद डब्याच्या मागं लागता.

ओहम_शांती
मत मान्य, पण धागाकर्ते भावगीतं ऐकतात. पोर्टेड डबा ज्या फ्रीक्वेन्सीला ट्यून केलेला असतो त्याच्या आसपास तो छान मदत करतो, त्याच्या खाली कोन मोकळा सुटतो आणि सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचा आवाज अडवणारा) नसेल तर कॉइल आपटते. डबाही मोठा लागतो, १० इंचीला ३०-४० लिटर सहज. शिवाय लोकल सुताराने पाइपची लांबी अंदाजे कापली तर सगळं एकाच सुरात घुमतं, कुठलंही गाणं लावा.

सील्ड डबा लहान, चूक पचवणारा, आणि गाडी स्वतः त्याला मदत करते. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, गाडीचं केबिन त्यापुढे एवढंसं, त्यामुळे खालचा आवाज केबिनमध्ये आपोआप चढतो. सील्ड सब जिथे उतरायला लागतो साधारण तिथेच केबिन चढायला लागतं, दोन्ही मिळून सपाट.

सोनचाफा
मी यातली तांत्रिक नाही, गाणं शिकवते. माझ्या गाडीत कॉम्पोनंट आणि छोटा सब आहे. दुकानात ऐकायचं कसं एवढंच सांगते कारण त्यावर कुणीच बोललेलं नाही.

त्यांचं डेमोचं गाणं ऐकू नका, ते प्रत्येक स्पीकरवर छान वाजतं, म्हणूनच निवडलेलं असतं. आपली फाइल न्या, यूट्यूबवरचं कुणीतरी चढवलेलं नको. पहिल्यांदा नुसता तानपुरा लावा. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात तारेच्या आवाजावर एक झिलई असते, ती सलग ऐकू आली पाहिजे. ट्विटर वाईट असेल तर तिचा चर्र असा आवाज होतो, काही मिनिटांत कपाळ दुखतं. मग तबला सोलो. डग्ग्यावर मनगट दाबून घुमक वरखाली नेतात ना, ती प्रत्येक ठिकाणी सारख्याच वजनाची यायला हवी. मध्येच एका जागी धप्प वाढली तर तिथे दार किंवा डबा घुमतोय. मग एखादी स्त्री आणि एखादा पुरुष आवाज, वाद्यमेळ कमी असलेला. पुरुषाचा आवाज छातीतून यावा, डब्यातून नाही.

ढोलकीची शाई आणि चाट यातला फरक, हलगीचा कोरडा फटका, हे सगळं दारातल्या स्पीकरचं काम आहे, सबचं नाही. दुकानदार सब वाढवून दाखवतो, त्याला सांगा सब आधी पूर्ण बंद करा. सबशिवाय जे ऐकवत नाही ते सब लावून सुधारत नाही. मग सब हळूहळू वाढवा आणि जिथे डग्गा पुढच्या काचेपाशी वाजल्यासारखा वाटतो तिथे थांबा, डिकीतून यायला लागला की जास्त झालं.

पेठेतला_पाहुणा
ताई, हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवायला हवा. तानपुऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं.

मधला_गिअर
सोनचाफा ताई खूप आभार. रविवारी फोनमध्ये तानपुरा आणि तबला घेऊन गेलो, दुकानातला पोरगा बघतच राहिला. तीन सेट ऐकले. सगळ्यात महागातला सेट तानपुऱ्यावर खरंच टोचत होता, मधल्या किमतीचा सिल्क डोमचा ट्विटर कानाला गोड. ६.५ इंची कॉम्पोनंट, आरएमएस ६०, सेन्सिटिव्हिटी ९०. तोच घ्यायचा विचार पक्का.

सबचं अजून ठरेना. सीटखालचा ऐकला, ८ इंची, ठीक होता, डिकी मोकळी राहते हा मोठा फायदा. पण माझी सीट पूर्ण खाली केली की खाली फार जागा उरत नाही. डिकीतला १० इंची सील्ड त्यामानाने निवांत वाजत होता, ताणल्यासारखा नव्हता.

ओहम_शांती
सीटखालचे ८ इंची चपटे सब ४०-४५च्या खाली फारसे जात नाहीत, पण भावगीतांना तेवढं पुरतं. ते वाईट नाहीत, जागा नसलेल्याला वरदान आहे. तुमची अडचण सीटच्या उंचीची आहे. मोजताना सीट सगळ्यात खाली आणि मागे-पुढे दोन्ही टोकांना सरकवून मोजा, सरकायच्या रुळात डबा अडकतो, आणि सीटखालून जाणारे पिवळे कपलर असतील तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावू देऊ नका.

१० इंचीसाठी डबा बाहेरून ३८ बाय ३६ बाय २३ सेंटिमीटर, १८ मिलिमीटर एमडीएफ. आतून साधारण साडेएकवीस लिटर, सबचं स्वतःचं आकारमान वजा जाता वीसच्या आसपास. बहुतेक १० इंचींना सील्डमध्ये हे चालतं, पण कंपनीच्या कागदावर किती सांगितलंय ते बघूनच सुताराला द्या. तुमची डिकी २६८ लिटरची, त्यातले ३१-३२ जातात. डबा मागच्या सीटला टेकवून पट्ट्याने बांधा. मोकळा ठेवलेला सब अपघातात पुढे येतो.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. तुम्ही चार चॅनलचा एकच ॲम्प घ्या, दोन चॅनल पुढच्या दारांना आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबला. पैसे आणि वायरिंग दोन्ही वाचतात. पण ब्रिज केल्यावर बहुतेक ॲम्पना ४ ओहमच्या खाली चालत नाही. म्हणजे सब एका कॉइलचा ४ ओहमचा घ्या, नाहीतर दोन कॉइलचा २ अधिक २ वाला घेऊन सीरिजमध्ये जोडा. दुकानात स्वस्तात पडलेला ४ अधिक ४ वाला दाखवतील, तो पॅरलल जोडला तर २ ओहम होतो, ॲम्प तापून बंद पडणार, आणि सीरिजमध्ये ८ होतो, मग आवाजच अर्धमेला.

वऱ्हाडी_वूफर
हे खरं आहे. माहा भाऊ ४ अधिक ४ घेऊन बसला आहे, आता त्याले वेगळा मोनो ॲम्प शोधून राह्यला.

मधला_गिअर
नाद_एमएच१० भाऊ, वायरिंगचं तुम्ही म्हणाला होतात. स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचाय, त्याला मागे आरसीए (ॲम्पला सिग्नल द्यायचं सॉकेट) नाही. दुकानवाला म्हणतो हेड युनिट, म्हणजे स्टिरिओच, बदलल्याशिवाय ॲम्प लागतच नाही.

नाद_एमएच१०
थापा मारतोय. ॲम्पवर हाय लेव्हल इनपुट असतंय ते बघून घ्या, स्टिरिओच्या स्पीकर वायरी डायरेक्ट त्यात जातात. बऱ्याच ॲम्पना रिमोटची, म्हंजे ॲम्प चालू करायची, वायर बी लागत न्हाई, स्पीकर वायरवर व्होल्टेज आलं की आपोआप चालू. स्टिरिओच्या मागचं कपलर कापू द्यायचं न्हाई. मारुतीचं मेल-फिमेल कपलर बाजारात मिळतंय, मध्ये घालायचं, उद्या गाडी विकताना काढून टाकलं की झालं ओरिजिनल. वायर कापली की शोरूमवाला इलेक्ट्रिकलचं प्रत्येक काम त्याच्यावर ढकलतोय.

पॉवरची वायर थेट बॅटरीवरनं. फ्यूज बॅटरीपास्नं एक-दीड फुटाच्या आतच, ॲम्पजवळ न्हाई. ॲम्पजवळचा फ्यूज ॲम्पला वाचवतो, बॅटरीजवळचा गाडीला. मधी कुठं वायर सोलली आणि पत्र्याला लागली तर फ्यूजपास्नं मागची सगळी वायर विस्तव. इंजिनकडनं आत येताना पत्र्याच्या भोकात रबराचा ग्रोमेट पाहिजेच.

वायर घेताना टोक सोलून नखानं खरवडून बघा. वरनं तांबं, आत पांढरं निघालं की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. किट म्हणून जे स्वस्तात मिळतंय त्यातलं लई असलंच असतंय. अस्सल तांब्याची ८ गेज तुमच्या कामाला पुरते, तसली मुलाम्याची घेतली तर ४ गेज घ्या, गेजचा आकडा कमी तेवढी वायर जाड. अर्थिंग दीड फुटाच्या आत, रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर, बोल्ट आवळून. आरसीए किंवा सिग्नलची वायर एका बाजूनं, पॉवर दुसऱ्या बाजूनं. एकत्र बांधली तर ॲक्सिलेटर दाबला की स्पीकरमधनं कुई कुई येतंय.

ओहम_शांती
८ गेज बरोबर आहे. ३०० वॅट आरएमएसचा क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा प्रकार) ॲम्प ८० टक्के कार्यक्षमतेने धरला तर फुल लोडला साधारण २७ अँपिअर ओढतो, आणि गाण्यात फुल लोड सतत नसतो. तांब्याच्या ८ गेजच्या पाच मीटरमध्ये पाव व्होल्टच्या आसपास पडेल, चालतं. वेगळी बॅटरी, कपॅसिटर वगैरे काही नको, दुकानवाला कपॅसिटर दाखवेल, नको म्हणा.

कान_नाक_घसा
मी धाग्यात उशिरा आलोय. व्यवसायाने कानाचा डॉक्टर, म्हणून एकच सांगतो. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. बंद काचेच्या गाडीत ॲम्प आणि सब असताना ९४ला पोहोचायला कष्ट पडत नाहीत, आणि चांगल्या सिस्टिमचा धोका हा की आवाज फाटत नाही, त्यामुळे मोठा झालाय हे कळतच नाही. गाडीतून उतरल्यावर कानात गुंई येत असेल तर त्या दिवशीचा कोटा संपला. फोनवरचं डेसिबल मीटरचं ॲप अचूक नसतं पण अंदाज येतो.

नाद_एमएच१०
डॉक्टर, ट्रॅक्टरवाल्यांची यादी पाठवू का 😅

कान_नाक_घसा
ते येतातच. फक्त वीस वर्षं उशिरा येतात.

मधला_गिअर
झालं एकदाचं काम. पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग, एबीएस रिंग, कॉम्पोनंट सेट, चार चॅनलचा क्लास डी, १० इंची ४ ओहम एका कॉइलचा, डबा चिखलीतल्या सुताराकडून. बजेटच्या जरासं वर गेलं, पण कपॅसिटर आणि अँड्रॉइड स्क्रीनला नको म्हटल्यामुळे त्यातल्या त्यात आवरलं. दारातली पाण्याची भोकं मी टॉर्च मारून बघितली, पॉलिथिन परत लावून घेतलं.

आवाज खूप सुधारलाय पण दोन शंका. एक, बेस मधूनच पातळ वाटतो, खासकरून मध्यभागी डोकं केलं की. दोन, गेन दुकानदाराने अंदाजे फिरवला, तो कसा लावायचा?

ओहम_शांती
पहिल्याचं उत्तर बहुधा पोलॅरिटी. एका दाराच्या वायरी उलट जोडल्या असतील तर एक कोन पुढे जाताना दुसरा मागे येतो आणि मध्ये बेस कटतो. क्रॉसओव्हरकडून वूफरला जाणाऱ्या दोन वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, प्लसला प्लस. कोन बाहेर उचलला पाहिजे, दोन्ही दारांत सारखा. ट्विटरला सेल लावू नका.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, स्टिरिओच्या आणि ॲम्पच्या पातळीची जुळणी आहे. स्टिरिओचं बेस-ट्रेबल शून्यावर, व्हॉल्यूम पाऊण. ॲम्पच्या स्पीकर वायरी सोडवा. सबसाठी ५० हर्ट्झचा टोन लावा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट. १५० वॅट ४ ओहम म्हणजे २४.५ व्होल्ट. तिथे आला की थांबा. पुढच्यांना १ किलोहर्ट्झचा टोन, ५० वॅट धरले तर १४.१. हे कमाल समजा, सबचा गेन नंतर ताईंनी सांगितलं तसा कानाने खाली आणा.

फिल्टर पुढच्यांना हाय पास ८० हर्ट्झ (त्याखालचं अडवतो), सबला लो पास ८० (त्यावरचं अडवतो). पुढच्या स्पीकरवरचं खालचं ओझं गेलं की तेच स्पीकर दुप्पट मोकळे वाजतात. आणि सबच्या वायरी एकदा उलट करून बघा, ज्या बाजूने ड्रायव्हर सीटवर डग्गा भरीव येतो ती ठेवा. इथे पुस्तकी बरोबर-चूक काही नाही.

मधला_गिअर
डावं दार उलटंच होतं! सेल लावला आणि कोन आत गेला. सरळ केल्यावर आता मध्यभागी आवाज एकदम उभा राहतो. गेन मल्टिमीटरने लावला, दुकानदाराने ठेवला होता त्यापेक्षा बराच खाली आला.

सोनचाफा
आता ट्विटर थोडे काचेकडे किंवा आतल्या दिव्याकडे वळवून बघा, सरळ कानावर रोखलेले असतील तर लांबच्या प्रवासात थकवतात. एकदा वळवायचा आणि दोन-चार दिवस तसाच ऐकायचा, रोज हलवत बसू नका.

शेवगा_शेंगा
चांगला धागा. माझा जोडप्रश्न: वॅगनआर सीएनजी आहे, डिकीत सिलिंडर. त्याच्यावर फळी टाकून सब ठेवला तर चालेल का? फिटर म्हणतो सिलिंडरच्या स्टँडलाच क्लॅम्प मारतो.

नाद_एमएच१०
अजिबात न्हाई. सिलिंडरच्या स्टँडला भोक, क्लॅम्प, वायर काहीच लावायचं न्हाई, तपासणीत अडवतील ते वेगळंच. व्हॉल्व्हपर्यंत हात सरळ पोचला पाहिजे. अर्थिंगचा स्क्रू मारताना बी खाली गॅसची लाइन जात्या का ते गाडी वर उचलून बघायचं. तुम्हाला सीटखालचाच घ्या.

रेवदंडा_रिटर्न
आणि वॅगनआरमध्ये ड्रायव्हरऐवजी बाजूच्या सीटखाली ठेवा, तिथे पावसात चपलांचं पाणी कमी येतं. खाली गालिचा ओला राहतो का ते आधी एक पावसाळी आठवडा बघा, राहत असेल तर दाराचं पॉलिथिन तपासा, मगच सब.

शेवगा_शेंगा
राहतो ओला. उद्या दार उघडतो.